दगडी डुकराचं तोंड

सकाळी साडेसहा वाजता बादली विहिरीच्या तळाला आपटली. पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. रिकाम्या पिंपावर कुणी लाथ मारावी तसा आला. सुनेने दोर झटकून बादली आडवी केली, पुन्हा झटकला आणि वर ओढली. बादलीत दोन ओंजळी गाळ होता आणि गाळात मेलेला बेडूक.

"आलं का पाणी?" सासूने गोठ्यातून विचारलं.

"बेडूक आलाय."

"मग त्यालाच विचार पाणी कुठं गेलं ते."

सुनेने बादली दगडी डुकराच्या पाठीवर टेकवली. विहिरीवर आलेलं प्रत्येक माणूस तिथेच बादली टेकवायचं. डुक्कर कमरेइतकं उंच, लांबट, काळपट दगडाचं. चारी पाय खालच्या बैठकीतच कोरलेले. कान तुटलेले, मुसकट बोथट, शेपटीचं वेटोळं मात्र काल कोरल्यासारखं. पाठ बादल्यांनी घासून गुळगुळीत झाली होती आणि कुशी मेंढ्यांनी. घरात त्याला पाहुणा म्हणायचे. आला तो गेलाच नाही, म्हणून पाहुणा. कुरणात अशी आणखी दगडी जनावरं होती: एक मुंडकं उडालेला बैल, ओढ्याच्या अंगाला एक आंधळा, खालच्या चढणीवर एक बिनशिंगी. ती कुणी केली हे कुणी विचारत नसे. टेकडी कुणी केली असं कुठे कोण विचारतं?

थोरला, म्हणजे तिचा नवरा, तोंड न धुताच बाहेर आला. त्याने विहिरीत वाकून पाहिलं, एक खडा टाकला, कान दिला. खडा वाजला.

"वरच्या मळ्यात जाऊ आज," तो म्हणाला. कोंडवाड्यात कळप पहाटेपासून ओरडत होता. पावसाने दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती आणि मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवला की कण्याचे मणके मोजता येत होते.

वरच्या मळ्यातल्या बाईच्या विहिरीला इंजिन होतं आणि लांब सिमेंटचा हौद. तिची गुरं पिऊन होईपर्यंत यांनी कळप उन्हात थोपवून धरला. मग बाईने हौदाच्या अर्ध्या भागावर फळी टाकली, फळीवर धोंडा ठेवला आणि उरलेल्या अर्ध्याकडे बोट दाखवलं. मेंढ्या एकमेकींच्या अंगावर चढल्या. सून मधे शिरून त्यांना मागे रेटत होती, तिच्या पायांवर खुरं पडत होती.

"तुमच्या मेंढ्या पाण्यात तोंड घालतात की पाय, तेच कळत नाही," बाई म्हणाली. "जाताना हौद घासून जा. माझी गाय उष्टं पीत नाही."

 हौद थोरल्यानेच घासला, गुडघ्यावर बसून, वाळलेल्या गवताच्या मुठीने. बाई तोवर उभी राहिली. मग म्हणाली, "उद्या येऊ नका. परवा बघू. कळप झेपत नसेल तर माझ्याकडे सोडा, राखायला तुम्हालाच ठेवते."

हे तिने चांगल्या मनाने म्हटलं असावं. परतीच्या वाटेवर थोरल्याचे कान लाल होते आणि सुनेला त्या लाल कानांचीच भीती वाटली. रागावला की तो बोलत नसे. खणत असे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी भावाशी भांडून त्याने गोठ्यामागे एवढा मोठा खड्डा खणला होता की सासू म्हणाली, "एक पोर घुशीच्या जातीचं, दुसरं सशाच्या. माणूस काही माझ्या पोटी आला नाही." ससा म्हणजे धाकटा. गावही त्याला ससाच म्हणायचं.

कुरणात आंधळ्या बैलापाशी फितीवाल्या बाई बसल्या होत्या. या बाई शहरातून आल्या होत्या, गावच्या शाळेत उतरल्या होत्या आणि दिवसभर दगडी जनावरांना मोजायच्या फिती लावत हिंडायच्या.

"कालही हाच होता, आजही हाच," थोरला म्हणाला. "एका रात्रीत वाढत नाही हो तो."

"तो नाही वाढत. माझ्या चुका वाढतात," बाई म्हणाल्या आणि फितीचं टोक सुनेच्या हातात दिलं. "धरता जरा? इथे, शेपटीपाशी."

सुनेने धरलं. सकाळच्या उन्हातही दगड गार होता.

"कुणी केले हे?" थोरल्याने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"तुमच्यासारख्यांनीच. गुरं राखणाऱ्यांनी. दोन हजार वर्षांच्या वर झाली." बाईंनी टेकडीकडे हात केला. "वर त्यांची वस्ती होती. तो पडका तट दिसतो ना, तो तिचा. तटाच्या बाहेर खोल खंदक होता. पुढे कुणीतरी चालून आलं, वस्ती मोडली आणि तटाचेच दगड लोटून खंदक बुजवला. आता वर गवत आहे, कळतसुद्धा नाही. जनावरं मात्र वस्तीत नव्हती. ती इथे, चराईत उभी केलेली."

"कशाला?"

"लिहून ठेवलं नाही कुणी. काही म्हणतात, हद्द दाखवायला. मला वाटतं, ती पाण्याकडे बघतात. हा बघा, तोंड ओढ्याकडे. बिनशिंग्याचं तोंड झऱ्याकडे. अंदाज आहे हं. तुमच्या विहिरीवरचं डुक्कर मी अजून नीट बघितलेलं नाही."

शेवटची दोन वाक्यं थोरल्याने ऐकली की नाही, हे सुनेला आजही सांगता येत नाही. तो बैलाच्या मुसकटामागे जाऊन उभा राहिला होता आणि हनुवटी त्या दगडी मानेवर टेकवून, बैल बघत होता तिकडे बघत होता. तिकडे ओढ्याचं कोरडं पात्र होतं. पण पात्र तर होतं.

दुपारी तो विहिरीत उतरला.

विहीर जुनी, गोल. वरून निम्मी दगडांनी बांधलेली, खाली उघडा मुरूम आणि तळाला कातळ. "खाली जाण्यात अर्थ नाही," तो वरच्यांना म्हणाला. "पहार मोडेल. आडवं जायचं. पाहुण्याचं तोंड आहे त्या बाजूला." पाहुण्याचं तोंड टेकडीकडे होतं.

"ती बाई म्हणाली म्हणून?" धाकट्याने विचारलं.

"बाई शिकलेल्या आहेत."

"शिकलेल्या आहेत, पण विहिरीत तू उतरणार आहेस, दादा."

"मग तू उतरतोस?"

धाकट्याने पाटी उचलली. तो तळापर्यंत उतरायचा, पाट्या भरायचा, पण भुयारात डोकं घालायचा नाही. सुनेच्या वाट्याला कप्पी आली. धाकटा खालून पाटी अडकवायचा, ती वर ओढायची, सासू ओतायची. दोराने तळहात पहिल्याच दिवशी सोलले. तिने त्यांना फडकी गुंडाळली.

पण हातांचं तिला काही वाटत नव्हतं. पायांना लागायचं ते वेगळंच. ती अनवाणी काठावर उभी असायची आणि जमिनीखालून घाव यायचे, धप्, धप्, तळव्यांना. सुरुवातीला ते पायाखाली होते. मग पुढे सरकले. विहिरीपासून दूर, टेकडीच्या दिशेने, घाव जमिनीखालून चालत निघाले होते. घाव थांबला की तिचे हात दोरावर थांबायचे. पुन्हा सुरू झाला की ती दोर ओढायला लागायची.

मुरूम कठीण होता. दिवसाकाठी हातभर भुयार पुढे जायचं. तळ टेकडीकडे चढता ठेवायचा, हे थोरल्याचं काम करण्याचं तंत्र. पाणी लागलं की ते आपल्या पायाने विहिरीत आलं पाहिजे. आधाराला लाकूड नव्हतं. गोठ्याचं दार काढून नेलं, मग मोडक्या गाडीच्या दांड्या. सासू म्हणाली, "आता माझी खाट तेवढी राहिलीय. ती न्यायची तर माझ्यासकट न्या."

आठवडा उलटल्यावर एका सकाळी घावाचा आवाज बदलला. धप् ऐवजी खस्स. पाट्या भराभर वर यायला लागल्या.

"मऊ लागलं," थोरला जेवायला वर आला तेव्हा म्हणाला. भुवया, पापण्या मातीने भरलेल्या, डोळे तेवढे हसत होते. "लोण्यासारखं. ओल पण आहे. पाणी जवळ आलं."

ढिगाऱ्यात सुनेला वेगळंच काही दिसत होतं. सुटे दगड, घडवलेले, कोपरे शाबूत. काळी राख. खापराचे तुकडे. जनावराचा जबडा, दातांसकट. तिने जबडा उचलून नवऱ्यापुढे धरला.

"मेंढीचा आहे," तो बघून म्हणाला.

"इतक्या खोल मेंढी कशाला जाईल?"

"पाणी प्यायला," धाकटा म्हणाला. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी थोरला वेळेआधीच वर आला आणि घरात येऊन दार लोटून बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "आत पाहुण्याचा भाऊ आहे."

"कोण?" सासूने विचारलं.

"डुक्कर. तसंच, पण मोठं. उलटं पडलंय. छतातून तोंड आणि एक पाय बाहेर आलाय. त्याच्या आजूबाजूला नुसते सुटे धोंडे. तोच सगळ्यांना धरून बसलाय."

सुनेने हातातलं भांडं खाली ठेवलं. "बाईंना सांगू या."

"सांग. मग त्या वर कळवतील. वरून माणसं येतील, विहिरीला दोरी बांधतील, सरकारी पाटी लावतील. आपल्या विहिरीत आपल्याला उतरायची बंदी. कळप तोवर काय खाली बघत बसेल?"

हे खोटं नव्हतं. नदीपलीकडच्या एका माणसाच्या शेतात असाच बैल निघाला होता आणि त्या तुकड्यात अजून नांगर गेला नव्हता.

"पाणी लागू दे," थोरला म्हणाला. "एकदा लागलं की मीच जाऊन सांगतो. तोवर या घराबाहेर शब्द जाता कामा नये."

"शब्द जाणार नाही," सासू म्हणाली. "पण तू त्याच्याखालून जाऊ नकोस."

"त्याच्याखालूनच वाट आहे, आई."

सुनेने त्या संध्याकाळी खापरं आणि हाडं वेचून गोणीत भरली आणि गोणी गोठ्यात, दार नसलेल्या गोठ्यात, गवताखाली घातली. ढिगाऱ्यावर तिने कोरडी माती पसरली. हे करताना ती सारखी वाटेकडे बघत होती. आपल्याच दारात चोरासारखं वागायची ही तिची पहिलीच वेळ.

बाई आल्या त्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला. छत्री, फीत, पाण्याची बाटली. थोरला भुयारात होता. धाकटा तळाशी. सुनेने दोर कप्पीला गुंडाळून ठेवला आणि पुढे झाली.

"आज तुमच्या डुकराची पाळी," बाई म्हणाल्या.

त्यांनी पाहुण्याची लांबी घेतली, उंची घेतली, मग गुडघ्यावर बसून बैठकीभोवतीची माती बोटांनी उकरायला लागल्या. सून त्यांच्या आणि ढिगाऱ्याच्या मधे उभी होती. पायाखाली घाव येत होते. खस्स. खस्स. बाईंना ते लागत नसावेत. त्यांच्या पायात बूट होते.

"बैठकीला एका बाजूने ओरखडे आहेत," बाई म्हणाल्या. "पहारीचे. हे कुणी हलवलंय का?"

सासूला गोष्ट सांगायला माणूस मिळाला की ती आजूबाजूचं सगळं विसरायची. ती सरसावून बसली. "हलवलंय म्हणजे? फिरवलंय. माझ्या सासऱ्याने. त्यांच्याकडे बैलजोडी होती, भारी देखणी, पण भित्री. विहिरीवर पाण्याला आणली की याचं तोंड बघून बुजायची. रानडुक्कर समजायची. एकदा जोडीने दोर तोडला नि सासऱ्यांना फरफटत नेलं. ते उठले, धूळ झटकली, चार माणसं बोलावली, पहारी लावल्या आणि याला गरकन फिरवला. म्हणाले, माझे बैल तुझं तोंड बघणार नाहीत, आता तू त्यांना बूड दाखव."

सुनेने ही गोष्ट लग्न होऊन आली त्याच आठवड्यात ऐकली होती. त्यानंतर कितीदा ऐकली त्याला गणती नाही. थोरल्याने तर जन्मापासून ऐकली होती. घरात पाहुणे आले की सांगायची गोष्ट. हसायची गोष्ट. त्यांच्यापैकी कुणालाही, भुयार सुरू करताना, ती आठवली नव्हती.

बाई हसल्या नाहीत. "म्हणजे याचं तोंड मुळात खाली होतं. त्या खोलगट गवताकडे."

"तिकडेच," सासू म्हणाली. आणि मग तिचं तोंड उघडंच राहिलं.

बाई उठल्या, कपाळावर हात धरून टेकडीकडे बघत राहिल्या. तटापासून त्यांनी बोट खाली आणलं, चढणीवरून, एका पट्ट्यावरून जिथे वाळलेलं गवत इतर ठिकाणापेक्षा जरा हिरवट होतं, आणि ते बोट आणत आणत विहिरीच्या मागे थोड्या अंतरावर थांबलं.

"खंदक इथवर आलाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मोठ्याने, "तुम्ही या बाजूला कधी काही खणू नका हं. वर माती दिसते, पण खाली नुसते लोटलेले दगड आहेत. एकाला एक अडकून उभे आहेत. एक काढला तर सगळे येतील."

पायाखाली, खस्स.

"खाली कोण आहे?" बाईंनी विचारलं. दोर विहिरीत लोंबत होता.

सासूने सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "गाळ काढतायत."

"तेवढंच ना?"

"तेवढंच."

तिला स्वतःचाच आवाज लांबून ऐकू आला. बाईंनी आणखी क्षणभर तिच्या फडकी गुंडाळलेल्या हातांकडे पाहिलं. मग छत्री उघडली आणि त्या गावच्या वाटेला लागल्या.

त्या वळणाआड होण्याचीही सुनेने वाट पाहिली नाही. ती काठावर पालथी पडली. "भावजी, त्यांना बाहेर बोलवा. आत्ताच्या आत्ता."

थोरला रांगत भुयाराच्या तोंडाशी आला. वरून त्याचं डोकं तेवढं दिसलं. सुनेने सांगितलं: आजोबांनी फिरवलेलं तोंड, खंदक, लोटलेले दगड. तिला धाप लागली होती. शब्द उलटेसुलटे येत होते, पण त्याला कळलं. त्याने कपाळावरची माती पुसली. मग हसला. हसला ते तिला मुळीच आवडलं नाही.

"आजोबांनी घोळ घातला म्हणायचा."

"वर या."

"दिशा चुकली असेल. पाणी चुकलेलं नाही. हे बघ." त्याने हात वर केला. हात कोपरापर्यंत ओला होता, चिखलाचा नव्हे, नुसत्या पाण्याचा. "डुकराच्या मागून झिरपतंय. जिभेवर घेतलं मी. गोड आहे."

"दादा, वर ये," धाकटा म्हणाला. "आपण उद्या दुसऱ्या बाजूने करू."

"उद्या कळप कुठे नेणार? फळी टाकलेल्या हौदावर?"

"मी घासते हौद," सून म्हणाली. "जन्मभर घासते. तुम्ही वर या."

हे बोलायला नको होतं, असं तिला बोलतानाच वाटलं. त्याचा चेहरा मिटला. "त्याच्या बगलेतला एक लहान दगड आहे," तो म्हणाला. "तेवढा काढला की पाण्याला वाट होईल. डुकराला हात लावत नाही. एवढी पाटी भरतो आणि येतो."

आणि डोकं आत गेलं.

ती उभी राहिली. पायांनी ऐकत राहिली. काही वेळ काहीच नाही. मग पहारीचे हलके ठोके, टक्, टक्, कुणी जपून दार वाजवावं तसे. मग खरवडल्याचा आवाज. मग तळव्यांखालची जमीन एकदा, अगदी थोडी, खाली गेली. झोपेत पायरी चुकावी तेवढी. आवाज त्यानंतर आला. मोठा नव्हता. गोणीतून बटाटे ओतावेत तसा, पण तो थांबेना.

विहिरीतून धुळीचा लोट वर आला. विहिरीमागे, जिथे बाईंचं बोट थांबलं होतं, तिथल्या गवतात एक खळगा पडला होता.

"भावजी?"

खोकला. मग, "मी आहे, वहिनी. मी आहे. दादा..." पुढचं खोकल्यात गेलं.

गावाने ज्याला ससा म्हटलं होतं तो धाकटा, धूळ बसायच्या आत भुयारात शिरला, हे त्या घाईत कुणाच्या ध्यानात आलं नाही. पडलेले धोंडे त्याने नखांनी ओढायला सुरुवात केली. सून दोर ओढत होती, सासू ओतत होती, आणि दोघींपैकी कुणीही रडत नव्हतं, कारण पाट्या येत होत्या. थोड्या वेळाने खालून हाक आली, "थांबा. कुणी हलू नका."

सगळं थांबलं.

"ठोकतोय," धाकटा म्हणाला. "पलीकडून ठोकतोय. पहारीने. जिवंत आहे."

सासूने दोर आपल्या हातात घेतला.

सून वाटेने पळत सुटली. बाई वाटेत एका दगडी बैलापाशी थांबल्या होत्या. सुनेने त्यांना गाठलं, छत्रीचा दांडाच धरला आणि म्हणाली, "गाळ नव्हता. गाळ नव्हता काढत." बाईंनी काही विचारलं नाही. "तुम्ही परत जा. मी गावातून माणसं आणते," म्हणाल्या आणि छत्री वाटेतच टाकून धावल्या.

चार वाजेपर्यंत पंधरा-वीस माणसं जमली. लाकूड आलं, बल्ल्या आल्या, एकाने आपल्या घराची तुळईच आणली. गावचा गवंडी खाली उतरला. वर येऊन म्हणाला, "मोठं डुक्कर निसटून आडवं आलंय. भुयार त्यानेच बंद झालंय. त्याला ओढलं तर वरचं सगळं येईल. बाजूने, हाताने, एकेक दगड काढायचा, टेकू देत देत जायचं. सकाळ होईल."

"वरून खणलं तर?" कुणीतरी खळग्याकडे बोट केलं.

"नको," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "तिथे पाऊलसुद्धा टाकू नका. ते दगड अजून बसलेले नाहीत."

मग धाकटा खालून ओरडला, "पाणी."

पहिल्यांदा कुणाला अर्थ लागला नाही. एकाने बाटली दोराला बांधायला घेतली.

"पाणी येतंय," धाकटा म्हणाला. "डुकराच्या पायापासून. घोट्यापर्यंत आलंय."

दोन वर्षं तहानलेल्या त्या विहिरीत पाणी चढत होतं.  दोन हजार वर्षं दगडांत साठून राहिलेली ओल होती, की जवळचा झरा खंदकात मुरत आला होता, हे बाईंनाही सांगता आलं नाही. "मला वाटलं होतं तिकडे कोरडं असेल," एवढंच त्या म्हणाल्या.

"भुयाराला चढ किती ठेवलाय?" गवंड्याने विचारलं.

"पार आत गेलं की हातभर," धाकटा म्हणाला. "दादा शेवटाला असेल तर हातभर वर आहे."

हातभर. सुनेने आपला हात कोपरापासून बोटांपर्यंत पाहिला.

वरच्या मळ्यातली बाई इंजिन घेऊन आली. न सांगता, आपल्या बैलगाडीत घालून, पाइपांसकट. उतरवताना तिने सुनेकडे पाहिलं नाही, सुनेनेही तिच्याकडे पाहिलं नाही. इंजिन सुरू झालं, पाइपातून चिखलाचं पाणी उसळलं आणि उतारावरून वाहायला लागलं. कोंडवाड्यातल्या मेंढ्यांना वास लागला. त्यांनी कूड तोडला आणि सगळा कळप त्या ओघळावर तुटून पडला. कुणी त्यांना हाकललं नाही.

इंजिन चालू असलं की पाणी जागच्या जागी राहायचं. गवंड्याच्या माणसांना काम करता यायचं. पण इंजिनाच्या धडधडीत ठोके ऐकू यायचे नाहीत. म्हणून मधूनमधून धाकटा हात वर करायचा, इंजिन बंद व्हायचं, सगळे श्वास धरायचे. टक्. टक्. टक्. मग कुणीतरी म्हणायचं, "आहे," आणि इंजिन पुन्हा सुरू व्हायचं. दर खेपेला, तेवढ्या वेळात, पाणी चार बोटं चढलेलं असायचं आणि ती चार बोटं पुन्हा खाली जायची नाहीत.

दिवस कलायच्या सुमाराला पाणी धाकट्याच्या मांडीला लागलं होतं. काढलेल्या दगडांपेक्षा उरलेले जास्त होते. इंजिन पुन्हा बंद केलं गेलं.

सून पालथी पडून कान देत होती. बराच वेळ काही आलं नाही. कुणीतरी पुटपुटायला लागलं, सासूने त्याच्या दंडावर फटका मारला. मग आला. टक्. खूप वेळाने, टक्. पहारीचा नव्हता तो आवाज. दगडावर दगड मारल्याचा असावा.

"आहे," धाकटा म्हणाला. "पुन्हा ऐकू या का? नीट?"

सगळे सुनेकडे बघत होते. का, ते तिला कळलं नाही. गवंडी होता, बाई होत्या, सासू होती. तिने उठून तोंडावरची माती पुसली. तिला तो आवाज आणखी एकदा हवा होता. 

"इंजिन लावा," ती म्हणाली. "आता बंद करू नका. मी विचारलं तरी बंद करू नका."

तेव्हा सात वाजले होते. त्यानंतर अजून इंजिन थांबवलेलं नाही. पाणी चढलेलं नाही, उतरलेलंही नाही. गवंड्याने तिसरा टेकू लावला आहे.